जेजूची सून

घर बघायला गेलं की भिंती बघू नयेत, भांडी बघावीत, असं मालसुनचं म्हणणं. भिंतीला काय, रंग फासता येतो. पण शेजारणीकडं एक ताटली भरून पाठवावी आणि ती परत कशी येते ते बघावं. भरून आली तर खुशाल राहावं. आलीच नाही तर सामानाची दोरी सोडूच नये.

म्हणून त्या शनिवारी उठल्या उठल्या तिनं लेकाला कारखान्यानं दिलेल्या खोलीत, उसन्या शेगडीवर, त्तोक उकडायला ठेवला. तांदळाच्या पिठाचा थर, वर लाल चवळीचा, पुन्हा पीठ, पुन्हा चवळी. नव्या घरात राहायला गेलं की हा त्तोक आळीत वाटायचा असतो. लाल दाण्याला भूतखेत भितं, जागेची बाधा जाते. पण वाटायचा तो राहायला गेल्यावर. मालसुन राहायला जायच्या आधीच वाटायला निघाली होती.

"आई, घर ठरलेलं नाही अजून," दोकसू बूट चढवता चढवता म्हणाला.

"म्हणूनच. लग्न लागल्यावर नवरा बघतात का?"

"तुझ्या वेळी तसंच होतं की."

"म्हणून तर तुझा बाप पदरात पडला. जा कामाला."

दोकसू हसत गेला. मालसुनला मात्र हसू येत नव्हतं. छातीत कालपासून कुणीतरी मुसळ धरून बसलं होतं.

कारखान्यांच्या आनसान शहरात तिचं आयुष्य गेलं. बाजारात लोणच्या-भाज्यांचं दुकान होतं तिचं. तिथं दर दुसऱ्या दाराआड दुसरा देश, आणि कुणाला कुणाचं काही नाही. तिची सून लुआ व्हिएतनामची, हे तिथं सांगायचीही वेळ आली नाही कधी. पण दोकसूचा कारखाना उठला आणि डोंगराआडच्या ह्या मुहाक गावात आला. इथं वेशीवर घराण्यांची नावं कोरलेले दगड. माणूस भेटला की नावाआधी विचारणार, कुठले तुम्ही?

येऊन आठवडा झाला नव्हता तोच बसमध्ये एका म्हाताऱ्यानं नातीला विचारलं होतं, "तुझी आई कुठनं आणली गं? टपालानं मागवली का?" सगळी बस हसली होती. सेबोम आठ वर्षांची. त्या दिवसापासून रस्त्यानं चालताना ती आईचा हात धरेना. थोडी पुढं चालायची, जणू ह्या बाईची न् माझी ओळख नाही. लुआ तिच्या मागनं चालायची आणि हाक मारायची नाही.

मालसुनला ते दिसत होतं. सोमवारी पोर नव्या शाळेत जाणार. शाळेच्या फाटकाशीही ती अशीच पुढं चालली तर? मोठी होऊन अशीच पुढं निघून गेली तर? घर कसलं शोधायचं होतं? पोरीला आईच्या शेजारनं चालता येईल असा रस्ता शोधायचा होता.

दलाल बे म्हणून होता, गोड बोलणारा, टाय लावणारा. त्याच्याकडं दोन घरं होती. दोन्हींना दुसरी गिऱ्हाइकं लागलेली. "आजी, दिवे लागायच्या आत हो की नाही सांगा," असं त्यानं बजावलं होतं.

पहिलं घर नव्या उंच इमारतींत. झाडंसुद्धा शिस्तीत उभी. तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, ग्वाकबाई, स्वतः खाली उतरून आल्या. केस कसे, तर वाऱ्याची हिंमत होणार नाही. ताटली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

"अगंबाई! घरी केलेला? हल्ली कोण करतं हो हे! बघा, आजी असाव्यात तर अशा."

मालसुनची मान जरा ताठ झाली. स्तुतीला ती कधीच नाही म्हणाली नव्हती.

"आणि ह्या सूनबाई ना? कुठल्या?"

प्रश्न साधाच. हसत विचारलेला. पण मालसुनला ती बस आठवली, ते हसणं आठवलं, आणि तोंडातून गेलं, "जेजूची."

जेजू म्हणजे दक्षिणेचं बेट. तिथल्या बायका समुद्रात बुड्या मारणाऱ्या, उन्हानं रापलेल्या, आणि त्यांची बोली इकडच्याला कळत नाही. खोटं बसलं ते अगदी मापानं शिवल्यासारखं.

"तरीच!" ग्वाकबाईंनी टाळी वाजवली. "मघाशी बोलल्या तेव्हा वाटलंच, बोली जरा वेगळी आहे. मला मेलीला काय वाटलं माहितीये? जाऊ दे. गैरसमज नको हं, आम्ही तसल्या नाही. पण बाजारामागं बघा ना, कुठली कुठली माणसं येऊन राहिलीत. त्यांची पोरं आपल्याच शाळेत. आम्ही सह्या गोळा करतोय, त्यांचे वर्ग वेगळे करा म्हणून. त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं."

"बरंच की," मालसुन म्हणाली.

ग्वाकबाई वर गेल्या आणि ताटली धुऊन परत घेऊन आल्या. वर संत्री रचलेली, टपोरी, चकचकीत. "घ्या सूनबाई, तुमच्या गावचीच आहेत. जेजूची!"

लुआनं मान लववून ताटली घेतली.

घर बघून झालं. खिडक्या मोठ्या, न्हाणीघर चकाचक, शाळा समोरच. ताटली भरून आली होती. मालसुनच्याच हिशेबानं इथं आनंदानं राहावं. उतरताना बे लिफ्टच्या आरशात टाय सारखा करत म्हणाला, "आजी, ह्याहून चांगलं काय हवं?"

सेबोमनं आजीची बाही ओढली. "आजी, आई जेजूची आहे?"

लिफ्टचं दार उघडलं, बे पुढं झाला. तेव्हा लुआ हळूच म्हणाली, "आई, जेजूला मी किती वर्षं राहायचं?"

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मालसुननं दोन शब्द ठेवून दिले असते. दुकानात उधारी विचारावी तशी म्हणाली.

"फार शहाणपणा नको," मालसुन म्हणाली. "पोरीसाठी बोलले मी."

"हो आई."

"मग?"

"दुसरं घरही बघू."

"बाजारामागचं? ऐकलंस ना ती बाई काय म्हणाली?"

"ऐकलं," लुआ म्हणाली. "म्हणूनच."

बाजारामागची गल्ली म्हणजे बसकी कौलारू घरं, दगडी गडगे, गडग्यावर लोणच्याच्या बरण्या. तोंडाशी एक दुकान. मालसुनला अक्षर लावून लावून वाचावं लागे, पण दुकानाची फळी ती एका नजरेत वाचायची. इकडचं कुणी खात नाही ती कोथिंबिरीची जुडी, मुरवलेल्या माशाच्या खाऱ्या रसाच्या बाटल्या, चाकाएवढ्या गोल भाकऱ्या, आणि त्यांच्याच शेजारी वाळवलेला मासा, पितळ घासायची भुकटी, उदबत्त्या. म्हणजे इथं परके होते आणि जुनेही होते. आणि एकाच दुकानात येत होते. एकमेकांशी बोलत होते का, ते काही फळी सांगत नाही.

सेबोम पुढं चालत होती. लुआ मागं.

मालसुननं दारोदार ताटल्या दिल्या. पहिल्या घरातनं एक वाकलेली म्हातारी आली, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. ताटली फडक्यानं झाकलेली होती ती तशीच बगलेत मारून, "बरं बरं," एवढंच म्हणून आत पळाली. हसणं नाही, बसणं नाही. ह्या प्रांताची माणसं अशीच, आभार मानले तरी भांडल्यागत. दुसरीकडं सोनेरी दातांची बेकरीवाली. तिसरीकडं कंबोडियाची दोन कामगार पोरं, झोपेतून उठलेली. चौथीकडं सायकली दुरुस्त करणारा आणि त्याची बायको.

बघायचं ते घर बसकं होतं, न्हाणीच्या फरशीला तडा होता. अंगणात एक झाड, त्याला कच्ची तेंदूफळं. लुआनं खिडकी उघडली आणि उभी राहिली. खिडकीतून त्या वाकलेल्या म्हातारीचं अंगण दिसत होतं.

"इथं ऊन येतं," ती म्हणाली. एवढंच.

मालसुनला मुसळ पुन्हा लागलं. ही सून काही मागत नाही आणि मागते तर ऊन मागते. पण इथं राहिलो तर नातीच्या कपाळावर शिक्का बसणार, बाजारामागची म्हणून. तिथं राहिलो तर सुनेच्या तोंडाला कुलूप. तिच्या माहेरचा फोन आला तर दार लावून बोलायचं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि पोर मधोमध उभी.

ती बाहेर गल्लीत आली आणि थबकली.

पहिल्या घराच्या गडग्यावर तिची ताटली. फडकं तसंच. बेकरीवालीच्या पायरीबाहेर दुसरी. कामगार पोरांच्या दाराबाहेर, दगडावर, तिसरी. सायकलवाल्याचीही बाहेर. चारही. लांबून तरी एक घास कुणी तोडलेला दिसत नव्हता.

मालसुनच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. तिच्या हातचा त्तोक, कुत्र्याला टाकावा तसा रस्त्यावर! लुआला बघितलं आणि ठरवलं ह्यांनी. कामगार पोरांनीसुद्धा! परक्यांनाही परके नकोत!

बेचा फोन वाजला. तो दोन शब्द बोलला आणि फोन छातीशी धरून म्हणाला, "आजी, ग्वाकबाई विचारतायत. दुसरी माणसं आलीत तिकडं. सांगू का हो म्हणून?"

"सांगा," असं म्हणायला मालसुननं तोंड उघडलंच होतं.

"आई, थांबा," लुआ म्हणाली. "त्या आजींचं फाटक बघा. उघडं आहे. दोन्ही दारं."

"असेना! माझं अन्न बाहेर न् फाटक उघडं, म्हणजे निघून जा असंच ना?"

"नाही आई. वास बघा."

पण मालसुनला वास घ्यायला नाक कुठं होतं, नाकावर राग बसला होता. तिनं गडग्यावरची ताटली उचलली आणि तरातरा त्या उघड्या फाटकातून आत.

"अहो आक्का! विष घालून आणलंय का मी? नको होतं तर घेतलंत कशाला?"

म्हातारी ओसरीवर होती. मालसुनच्या हातात काय आहे ते बघितलं मात्र, झाडू घेऊनच उठली. "बाहेर! बाहेर ने ते आधी! त्याच्यायला, आत आणतेय परत!"

"काय?"

"डोळं फुटलं का गं? आज म्हातारा यायचाय माझा!"

मालसुननं बघितलं. ओसरीवर उंच पाट मांडलेला. पितळी भांडी उजळलेली. सोललेले चेस्टनट, वरून टोक कापलेली नासपती, उकडलेला आठ पायांचा मोठा मासा, खारवलेल्या मुशीचे तुकडे. उदबत्ती अजून पेटायची होती, पण तिचा वास फडताळातनं येत होता. नवऱ्याचं श्राद्ध. फाटक उघडं का, तर गेलेल्याला आत येता यावं म्हणून.

आणि मालसुन हातात लाल चवळी घेऊन उभी. जिला भूतखेत भितं ती. जी चाळीस वर्षं स्वतःच्या सासऱ्याच्या श्राद्धाला तिनं घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. भीतीनं माणसाचं डोकं जातं ते असं. रीत आपलीच आणि आपल्यालाच आठवेना.

ती उलट्या पावली फाटकाबाहेर गेली आणि ताटली गडग्याच्याही पलीकडं, गटाराच्या कडेला ठेवून आली.

"वर्षातनं एकदा जेवाय येतो बिचारा," म्हातारी अजून धुसफुसत होती. "त्याला गल्लीच्या तोंडाशी लाल दाणं दाखवून हाकलतेस होय? फडकं उचललं न् माझा जीवच गेला. तशीच वरडले गडग्यावरनं, कुणी आत नेऊ नका रे, म्हातारा ह्याच वाटंनं येतोय!"

"म्हणून सगळ्यांनी..."

"म्हणून तर. ती पोरं त्यांच्या देशात काय खातात मला काय म्हाईत, पण सांगितलं की ऐकतात."

गडग्यावरनं सोनेरी दात चमकले. बेकरीवाली डोकावत होती. "आक्का, मी अर्धा तुकडा खाल्ला होता हो. चालेल ना?"

"तोंड धू! ताश्कंदवाली मेली, हावरट!"

मालसुन ओसरीच्या खाली उभी होती. चार घरांनी एका म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्यासाठी वाट मोकळी ठेवली होती, आणि ती त्यावरून चालून भांडायला आली होती. एवढं नाक वर करून चालणारी बाई, आता मान कुठं ठेवावी कळेना. बाकी, मान खाली घालणं तिच्या अंगवळणी नव्हतंच. "चुकले आक्का," असं ती म्हणाली, पण बरणीचं झाकण घट्ट बसलेलं असावं तसा तो शब्द निघाला.

"चुकलीस तर चुकलीस. घर बघाय आलीस न्हवं?" म्हातारीनं झाडू ठेवला. फाटकात लुआ उभी होती, तिच्यापासून जरा लांब सेबोम. "ही सून? कुठली?"

आलं. तोच प्रश्न.

"आमच्याकडं बाईला तिच्या माहेरच्या गावावरनं हाक मारतात," म्हातारी म्हणाली. "मी हानगोलवाली. ती ताश्कंदवाली. नाव लक्षात राहात नाही मला आता, गाव राहातं. कुठली गं तू?"

लुआनं सासूकडं बघितलं. आणि मालसुनच्या आधी सेबोम बोलली, पाठ केलेला धडा म्हणावा तशी. "आई जेजूची आहे."

"जेजूवाली," हानगोलवाली म्हणाली. "बरं. जेजूवाली."

झालं. नाव पडलं. मालसुनला सगळं दिसलं. उद्यापासून दुकानात जेजूवाली, शाळेच्या फाटकाशी जेजूवाली, म्हातारी झाल्यावर जेजूवाली, आणि मेल्यावरही कुणीतरी म्हणणार, जेजूवाली गेली हो. आणि पोर जन्मभर आईच्या पुढं पुढं चालत राहणार, त्या खोट्याला धक्का लागू नये म्हणून. लुआ जमिनीकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं नसतंच. सासूचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता.

खरं बोललं तर ही म्हातारी काय करील? झाडू होताच हाताशी.

"नाही," मालसुन म्हणाली. आवाज फाटका निघाला. "पोर माझंच खोटं बोलतेय. सकाळी मी बोलले, ती शिकली. जेजूची नाही. व्हिएतनामची आहे. गाव बेनत्रे."

गल्लीत बेच्या फोनची घंटी वाजत होती. हानगोलवालीनं डोळे बारीक केले. किती वेळ केले कोण जाणे; मालसुनला वाटलं, तेंदूफळ पिकून पडेल एवढा.

"परदेशी," ती म्हणाली. "हं. आता ह्या गल्लीत मीच एक परकी उरले म्हणायचं." मग लुआला, "तुमच्यात गेलेल्यांना पान वाढतात का?"

"वाढतात," लुआ म्हणाली. "फाटक उघडं ठेवतात."

"लाल चवळी घेऊन फिरतात का दारोदार?"

"नाही," लुआ म्हणाली, आणि सासूकडं बघायचं टाळलं.

गडग्यापलीकडं ताश्कंदवाली फिसकन हसली.

"बेन... काय म्हणालीस?"

"बेनत्रे."

"बेनत्रे. बेनत्रेवाली." म्हातारीनं शब्द खडीसाखरेसारखा तोंडात फिरवला. "हात धू आणि ये आत. माझी सून अजून देगूच्या रस्त्यावर अडकलीय, माशाच्या पातळ चकत्या तळायच्या राहिल्यात. उलटताना मोडल्यास तर नाव बदलीन." आणि मालसुनकडं वळून, "तू कुठली गं, एवढी तोंडाळ?"

"कांगजिन."

"चोल्ला प्रांत! अगं आई गं. तुमच्या प्रांताचं न् आमच्या प्रांताचं पिढ्यान् पिढ्या वाकडं. त्यापरीस व्हिएतनाम बरं."

"आक्का," मालसुन म्हणाली, "ती चवळी परत आत आणू का?"

म्हातारी हसली की खोकली ते कळलं नाही.

बे फाटकात आला. "आजी, बाई फोनवर आहेत. शेवटचं विचारतायत. काय सांगू?"

मालसुननं पिशवीतली संत्री काढली आणि त्याच्या दोन्ही हातांत रचली, वरचं एक हनुवटीखाली दाबून धरावं लागलं त्याला. "ही त्यांची त्यांना द्या. सांगा, आमच्यात कुणी जेजूचं नाही."

बोलली खरी, पण छातीतलं मुसळ काही हललं नाही. शाळा तीच, सह्याही तिथंच व्हायच्या. सोमवारी वर्गात कुणी काय म्हणेल, म्हातारीचा देगूचा लेक येऊन काय म्हणेल, न्हाणीचा तडा वाढेल की राहील, काही सांगता येत नव्हतं. ती गटाराकडेच्या ताटलीजवळ जाऊन दगडावर बसली. जेवण आटपून म्हातारा वाटेला लागेपर्यंत ताटल्या आत जाणार नव्हत्या, आणि तोवर कुत्र्यापासून राखायला कुणीतरी हवं होतं.

ऊन गडग्यावरून उतरलं. आतून तेलाचा चर्र आवाज आला.

"बेनत्रेवाली! मीठ कुठाय बघ फडताळात!" म्हातारी केवढ्यानं ओरडली. बाजारातून परतणाऱ्या दोन बायांनी वळून बघितलं, आणि मालसुनचा जीव गोळा झाला. सेबोम फाटकातच उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिनं त्या बायांकडं बघितलं. मग आजीकडं.

"आजी, त्या आईलाच हाक मारतायत ना?"

"मग काय मला मारतायत?" मालसुन म्हणाली. "जा, सांग आईला, मिठाची बरणी डावीकडं असते सगळ्यांच्या घरात."

पोरीनं बूट काढले. उंबऱ्याशी ते आईच्या चपलांना लावून ठेवले आणि आत गेली. मालसुन त्या चपला-बुटांकडं बघत बसली, आणि एक कुत्रं आलं त्याला हाड म्हणाली.